वाघावर बोली लावू नका

ताडोबाला ग्रुप घेऊन येणाऱ्या सहल-आयोजकांना आणि फोटोग्राफी टूरवाल्यांना खुले पत्र

मंडळी, सप्रेम नमस्कार.

पुण्या-मुंबईहून, नाशिकहून, हल्ली कोल्हापूर-सांगलीहूनही तुम्ही ग्रुप घेऊन ताडोबाला येता. मोहर्ली गेटच्या अलीकडे रस्त्याला लागून आमची खानावळ आहे, मागे पाहुण्यांसाठी खोल्या आहेत. त्यामुळे तुमच्यातल्या अनेकांना मी चेहऱ्याने ओळखते. कोणाला वरणावर तूप जास्त लागतं आणि कोणाला आमच्याकडचा सावजी रस्सा झेपत नाही, तेही पाठ आहे. माझा धाकटा दीर कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या राखीव गाभ्यात, गाइड आहे. शेजारची दोन पोरं जिप्सी चालवतात. सकाळची सफारी सुटली की ही पोरं माझ्या ओट्यावर चहाला असतात, आणि थोड्या वेळाने तुमची मंडळी आत टेबलावर जेवायला बसतात. दोन्हीकडचं कानावर पडतं. त्यातलंच एक बोलायचं आहे, टिपेबद्दल.

तुम्ही टिप देत नाही अशी माझी तक्रार नाही. बहुतेक जण देता, आणि हात आखडता न घेता देता. माझं म्हणणं आहे ते टिप कशावर लावता आणि कधी जाहीर करता याबद्दल.

पहाटे गेटवर काय होतं ते सांगते. अजून उजाडलेलं नसतं. जिप्स्यांची रांग लागलेली, परवाने तपासणं चाललेलं, कोअरमध्ये मोबाइल न्यायला बंदी म्हणून ते बाहेर ठेवायची घाई. अशात आयोजक सीटवर उभा राहतो आणि सगळ्या पाहुण्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणतो, "भाऊ, आज वाघ दाखवा, दोघांना हजार-हजार माझ्याकडून. हेड-ऑन, म्हणजे अगदी समोरून येताना, मिळाला तर अजून वेगळं बघू." पाहुणे खूश. ड्रायव्हर हसतो, गाइड हसतो. दुसरं काय करणार?

बस, तिथेच त्या सफारीची दिशा ठरते. गाइडच्या मनात असतं की आधी तलावाकडे जावं, पाण्यावरचे पक्षी दाखवावेत, मग हळूहळू आत सरकावं. तो बेत गुंडाळला जातो आणि गाडी सरळ पांढरपौनीकडे पळते, कारण काल संध्याकाळी तिथे वाघीण दिसली होती. वाटेत समोरून येणाऱ्या प्रत्येक जिप्सीला एकच प्रश्न, "कुठं काई?" मोबाइल नसले म्हणून बातमी थांबत नाही, ती तोंडोतोंडी फिरते. एका गाडीला वाघ दिसला की थोड्याच वेळात तिथे डझनभर गाड्या.

पुढचं दृश्य तुम्ही पाहिलेलं आहे, तुमच्याच कॅमेऱ्यात आहे. वाघ रस्त्यावर येतो आणि रस्त्यानेच चालू लागतो. मऊ धुळीची वाट त्यालाही बरी वाटते. त्याच्यापुढे सगळ्या जिप्स्या रिव्हर्समध्ये. मागच्याला पुढचं दिसत नाही, पुढच्याला थांबायचं नाही. धूळ, पेट्रोलचा वास, "जरा डावीकडे घ्या, फांदी येतेय" अशी कुजबुज, आणि सहा जणांच्या वजनाने हेलकावणारी गाडी. वाघ उजवीकडे वळून झाडीत शिरतो, तर दोन-तीन चलाख ड्रायव्हर पुढच्या वळणावर जाऊन आधीच आडवे उभे. तो कुठे निघणार हे त्यांना बरोबर कळतं. वर्षानुवर्षांच्या अनुभवातून आलेली ही विद्या, पण ती वापरली जाते वाघाची वाट अडवायला. मग तो थांबतो, बघतो, आणि मागे फिरतो. ज्या पाणवठ्याकडे निघाला होता तो राहून जातो. आणि हे चालतं एप्रिल-मेमध्ये, जेव्हा चंद्रपूरचा पारा पंचेचाळिसाच्या वर असतो.

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या 2012च्या मार्गदर्शक सूचना आहेत: वन्यप्राण्यापासून किमान 20 मीटर अंतर, प्राणी बघताना दोन गाड्यांमध्ये 50 मीटर अंतर, प्राण्याला घेरायचं नाही. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधलं पर्यटनच काही महिने थांबवलं होतं, आणि ते पुन्हा सुरू झालं ते या सूचनांच्या आधारावर. ते महिने आमच्या गावाला चांगले आठवतात. जिप्स्या अंगणात ताडपत्रीखाली उभ्या होत्या आणि हप्ते मात्र चालूच होते.

आणि 31 डिसेंबर 2024 तर अगदी ताजा आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात, गोठणगाव गेटच्या बाजूला, एफ-2 नावाची वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर असताना दोन्हीकडून गाड्यांनी त्यांना कोंडलं. व्हिडिओ फिरला, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, ड्रायव्हर आणि गाइड निलंबित झाले, त्यांना दंड झाला. गाडीत उभं राहून "अजून थोडं पुढे, अजून थोडं पुढे" म्हणणाऱ्यांची नावं कुणाला आठवतात का? मला तरी नाही. गाडी ड्रायव्हरच्या हातात होती, तेव्हा दोष त्याचा आहेच. पण थर्टी-फर्स्टच्या जिप्सीत नुसता ड्रायव्हर नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, "ताई, नियम मोडा असं आम्ही कधीच सांगत नाही." खरंय. तोंडाने कोणीच सांगत नाही. पण जरा हिशोब त्याच्या बाजूने करून बघा. गाइडला नंबर लागेल तशी फेरी मिळते. आज पहाटे गेला, तर पुन्हा नंबर कधी लागेल ते गर्दीवर. मंगळवारी कोअर बंद. 1 जुलै ते 30 सप्टेंबर कोअर बंद, बफरमध्ये, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्यात, चालतं त्यावर भागवायचं. जिप्सी चालवणारा पोरगा बऱ्याचदा मालक नसतो, दुसऱ्याच्या गाडीवर असतो. अशा माणसासमोर तुम्ही फेरीच्या मजुरीपेक्षा मोठी रक्कम ठेवता, आणि ती मिळणं न मिळणं ठरतं वाघ किती जवळ आला यावर. मग 20 मीटर म्हणजे नक्की किती, हे त्याच्या डोळ्याला वेगळं दिसायला लागतं. त्याच्या जागी कुणालाही दिसेल.

गेट बंद व्हायच्या वेळचंही तसंच. संध्याकाळी बाहेर पडायची वेळ ठरलेली असते, उशीर झाला की गाडीवर कारवाई. तुमचं म्हणणं असतं, "पाचच मिनिटं भाऊ, उठेल आता तो." पाचाची पंधरा होतात. मग उरलेलं अंतर तो पोरगा कसं कापतो ते मागे बसून तुम्हालाच जाणवतं, हाडं खिळखिळी होतात. जंगलातल्या रस्त्याला वेगमर्यादा कशासाठी असते हे संध्याकाळी चितळांचे कळप रस्ता ओलांडताना पाहिले की कळतं. उशीर झाला तर कारवाई त्याच्यावर, वेगात धरला गेला तरी त्याच्यावरच. तुम्हाला मात्र फोटो मिळालेला असतो.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती पुण्या-मुंबईहून दिसणं अवघड. तुमच्या सफारीचा ऐन सीझन म्हणजे आमच्या बायांचा मोहफुलं वेचायचा आणि तेंदूपत्ता तोडायचा सीझन. मे 2025मध्ये आमच्या जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात, तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ज्या गाइडला तुम्ही "वाघ जवळून दाखवा" म्हणता, त्याची आई, नाहीतर बायको, त्याच वेळी पहाटेच्या अंधारात पायी जंगलात गेलेली असू शकते. गाडीला आणि माणसाला न बिचकणारा वाघ तुमच्या फोटोला छान, पण तोच उद्या गावाच्या शिवेवर येतो. माझा दीर हे कधी पाहुण्यांना सांगत नाही. पाहुण्यांचा मूड जातो म्हणे.

बरं, वाघ दिसला नाही तर काय होतं? ओट्यावर मी ऐकते ते असं: "आज काई नाही भेटलं, भाऊ. पार्टी नाराज होती." चार तास त्याने काय केलं, ते कुणी विचारत नाही.

चितळाने दिलेला कॉल, म्हणजे धोक्याची हाक, आणि सांबराने दिलेला कॉल यात फरक असतो. चितळ घाबरट, बिबट्यालाही ओरडतं, रानकुत्र्यालाही ओरडतं, कधी उगाचच ओरडतं. सांबर सहसा खोटं ओरडत नाही. वर झाडावरचं वानर कोणत्या दिशेला तोंड करून खेकसतंय ते पाहायचं. हे सगळं ऐकून गाइड ड्रायव्हरच्या खांद्याला नुसता हात लावतो आणि इंजिन बंद होतं. तेवढ्यात तुमच्यातलं कुणीतरी चिप्सचं पाकीट फोडतं. धुळीतला पाऊल-ठसा नराचा की मादीचा, त्यावर दव पडलंय की नाही, म्हणजे रात्रीचा की आत्ताचा, हे तो चालत्या गाडीतून वाचतो. मोहर्लीकडून ताडोबा तलावाकडे जाताना रस्त्याच्या कडेला दगडी खांब लागतात, गोंड राजांच्या काळचे. त्यांची दोरी-घंटीची गोष्ट तो सांगतो. तलावाकाठी तारू देवाचं ठाणं आहे, त्याच्याच नावावरून ताडोबा. आमच्याकडचे आदिवासी लोक आजही त्याला मानतात. पावसाच्या तोंडाला नवरंग येतो, एवढासा पक्षी, पण त्याची शीळ ओळखून तो झुडपात नेमका कुठे बसलाय हे दाखवायला कान तयार लागतो. फांदीच्या बेचक्यात दिवसा झोपलेलं मत्स्यघुबड तर मला दोनदा बोट दाखवूनही दिसलं नव्हतं.

एवढं सगळं करून वाघ नाही दिसला, की टिप पन्नास. किंवा नाहीच. आणि दुसऱ्या एखाद्या दिवशी गेटातून आत शिरल्याबरोबर वाघ रस्त्यात आडवा, गाइडने तोंडही उघडलेलं नाही, तर हजार. यातलं कशाचं बक्षीस कशाला दिलं, सांगा बरं.

तुमच्यापैकी काही जण कामशेतला, बीर-बिलिंगला पॅराग्लायडिंगच्या सहलीही नेता. माझ्याकडे उतरलेले तुमचेच पाहुणे रात्री जेवताना तिकडच्या गमती सांगतात. टँडम पायलटला, म्हणजे पाहुण्याला सोबत बांधून उडणाऱ्याला, वर हवेत "थोडे स्टंट करा ना, खाली उतरल्यावर खूश करतो" म्हणायचं, आणि मग तो गिरक्या मारतो. एकाने तर चिडून सांगितलं, की वारा बिघडला म्हणून पायलटने दोन तास टेकडीवर बसवून ठेवलं आणि शेवटी उड्डाणच केलं नाही, "मग कसली टिप?" मी पोळी वाढता वाढता थांबले. पायलटला एका उड्डाणामागे पैसे मिळत असतील तर त्याने स्वतःचं नुकसान करून या माणसाला जमिनीवर ठेवलं होतं! खरं तर त्या दिवशीच त्याच्या हातावर दोनशे जास्त ठेवायला हवे होते. आमचा गाइड जेव्हा म्हणतो, "सर, पिल्लं आहेत तिच्यासोबत, आपण मागं घेऊ," तेव्हा तोही हेच करत असतो. त्या मागे घेण्याला आजवर कुणी टिप दिल्याचं मी ऐकलेलं नाही.

मग टिप द्यायची कशी? माझं मत सांगते, पटलं तर घ्या.

रक्कम आदल्या रात्री ठरवा, खोलीत बसून, पाहुण्यांशी बोलून. प्रत्येक सफारीला तीच, वाघ दिसो न दिसो. गाडीत सहा जण असतात. माणशी शंभर काढले तरी सहाशे होतात, गाइडला तीनशे, ड्रायव्हरला तीनशे. कुणाची ऐपत जास्त असेल, जास्त द्या, पण ठरलेलं द्या. कुणाला जमत नसेल तर वीस-तीस काढा, त्यातही कमीपणा नाही. दोघांना सारखं द्या. गाइड बोलतो म्हणून त्याला जास्त आणि ड्रायव्हर मुकाट गाडी चालवतो म्हणून कमी, हे बरोबर नाही. रोखच न्या, सुटे न्या. मोबाइल बाहेर राहिलेला असतो, बाहेर आल्यावर नेटवर्कचा भरवसा नाही, आणि "गूगल पे करतो भाऊ, नंबर द्या" असं सांगून गेलेल्यांचे नंबर आमच्या पोरांच्या वहीत अजून आहेत.

द्यायची ती गेटाबाहेर येऊन, गाडी थांबल्यावर, ज्याची त्याच्या हातात. जंगलाच्या आत नोट काढूच नका. शेजारच्या जिप्सीला दिसेल अशीही नको, नाहीतर उद्या तो ड्रायव्हर आपल्या पार्टीला तुमचा आकडा सांगतो आणि बोली चढत जाते. आणि काय आवडलं ते तोंडाने सांगा. "तुम्ही गाडी लांब ठेवलीत ते बरं केलं" असं कुणी म्हटलं की तो पोरगा दिवसभर ते वाक्य सगळ्यांना ऐकवत फिरतो. मी पाहिलंय.

आयोजकांनी पाहुण्यांकडून टिपेचे पैसे आधीच गोळा करायची पद्धतही आता रुळली आहे. पॅकेजमध्ये एक ओळ असते, गाइड-ड्रायव्हर टिप अमुक. पद्धत चांगली आहे, पाहुण्यांच्या डोक्याला ताप नाही. फक्त ते पैसे पूर्ण पोचले पाहिजेत. एका ग्रुपच्या बाईंनी माझ्यासमोर दिराला विचारलं, "आमच्याकडून घेतले ते मिळाले ना सगळे?" आणि त्याने आयोजकाच्या तोंडाकडे बघून "हो जी" म्हटलं. नंतर चहा पिताना त्याने सांगितलेला आकडा निम्म्याहून कमी होता. कोण आयोजक ते लिहीत नाही, वाचून त्याला कळेलच. पाहुण्यांसमोर पाकीट द्या, रक्कम मोठ्याने सांगा, इतकं सोपं आहे हे.

काही टूरवाले गाइडला हाताशी धरून ठेवतात, "तोच गाइड द्या" म्हणून गेटवर हट्ट धरतात, त्यासाठी वेगळं काही देऊ करतात. नंबराची पद्धत गावातल्या सगळ्यांना काम मिळावं म्हणून आहे. बाया गाइड आहेत आता, त्यांचाही नंबर लागतो. "लेडी गाइड आहे का, बदलून मिळेल का" हे वाक्य ओट्यावर बसून मी ऐकलंय, आणि त्याच ग्रुपला दुपारी गाडीच्या वीस पावलांवर अस्वल आणि तिच्या पाठीवर बसलेली दोन पिल्लं तिनेच दाखवली होती. गाडी तिनेच मागे घ्यायला लावली, हेही सांगते.

वनखात्यालाही दोन शब्द, ते हे वाचत असतील तर. गेटवर नियमांचा फलक असतोच. त्यावर टिपेबद्दल एक ओळ टाकायला काय हरकत आहे? टिप ऐच्छिक आहे, प्राणी दिसण्याशी तिचा संबंध जोडू नये, एवढंच. आणि गाडी पुढे घेण्यासाठी पाहुण्यांनीच दबाव टाकला, तर गाइडला तो निर्धास्तपणे लिहून देता येईल अशी काही सोय करा. आज तो लिहीत नाही, कारण उद्या तीच पार्टी दुसऱ्या गेटला जाईल अशी भीती असते.

आमच्या पोरांचीही बाजू मी नुसती गोडच मांडणार नाही. काही जण आहेत, जे गाडी सुरू होताच "मागच्या पार्टीने पंधराशे दिले सर" अशी सुरुवात करतात. काही जण मुद्दाम वाघाच्या जागेवर उशिरा नेतात, म्हणजे तुम्हाला वाटावं खूप शोधून काढला. माझ्या ओट्यावर असल्यांना मी तोंडावर बोलते आणि ते हसून चहा पितात. पण बोली लावणारं कोणी नसेल, तर त्यांचा हा खेळ चालणार नाही. म्हणून आधी तुम्हाला लिहिते आहे.

1 ऑक्टोबरला कोअर उघडेल. दिवाळीच्या ग्रुपचं बुकिंग तुम्ही आत्ताच घ्यायला लागला असाल, व्हॉट्सअॅपवर सूचनांची यादी जात असेल: खाकी-हिरवे कपडे, पाण्याची बाटली, ओळखपत्राची मूळ प्रत. त्यातच खालच्या ओळी घाला. शब्द बदलायचे तर बदला.

"गाइड आणि ड्रायव्हरची टिप प्रत्येक सफारीला ठरलेली आहे, ती वाघ दिसण्यावर अवलंबून नाही. सफारी संपल्यावर गेटाबाहेर सर्वांसमोर दिली जाईल. कृपया गाडीत वेगळी रक्कम जाहीर करू नये, गाडी जवळ घ्यायला सांगू नये. गाइडने मागे फिरा म्हटलं की फिरायचं."

आपली,
मोहर्ली रस्त्यावरची खानावळवाली